पंचफुलाबाईची घोडी लंगडली कशी

१

सोमवारी सकाळी महागावच्या क्रीडा मंडळाच्या मैदानावर घोडी मेलेली सापडली.

आता तुम्ही म्हणाल, घोडी मेली तर ढोरांच्या डॉक्टरला बोलवा, आम्हाले कायले सांगता? तर ही घोडी गवत खात नव्हती, कापत होती. बसून चालवायचं यंत्र. चार चाकं, पोटाखाली पातं, मागे दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. नागपूरच्या कुण्या गोल्फवाल्यांनी म्हातारी झाली म्हणून विकली, आमच्या मंडळानं तरणीताठी समजून आणली. ती यायच्या आधी मैदानात एवढं गवत माजायचं, की सीमारेषेवरचे खेळाडू चहाच्या सुट्टीत हाका मारून गोळा करावे लागत. एक चेंडू हरवला तो पुढच्या हंगामात सापडला; तितरीण त्याच्यावर उबवायला बसली होती. माझ्या, म्हणजे या डोमाजीच्या, बोलण्यातलं अर्धं वजा करायची महागावात रीत आहे. तुम्हीही करा. फक्त माझी धाकटी बहीण नलू जे बोलली, त्यातलं काही वजा करू नका.

घोडीवर बसायची ती पंचफुलाबाई. मैदानावर निंदणाला लागलेली बाई. घोडी आली तेव्हा बाप्ये नुसते भोवती फिरून टायरला लाथा मारत होते. हिनं पदर खोचला आणि चढून बसली. तेव्हापासून ती जागा तिची. निंदणाची मजुरी काम असेल तेव्हा, घोडीचा पगार महिन्याच्या महिन्याला. त्या पगारावर तिची पोरगी यवतमाळला नर्सिंग शिकत होती.

शुक्रवारी पूर्ण मैदान कापून पंचफुलाबाई बोरी अरबला भाचीच्या लग्नाला गेली. सोमवारी एसटीतून उतरली ती थेट शेडवर. चावी फिरवली. स्टार्टर अडखळला, जसा बैल चढावर अडतो. पुन्हा फिरवली. इंजिन कसंबसं एका बाजूनं चालू झालं, वरच्या कार्बोरेटरमधून फट्‌ करून धूर उलटा बाहेर आला, आणि सगळं थंड.

सहा दिवसांवर मुलींच्या जिल्हा स्पर्धेचा अंतिम सामना. पहिल्यांदाच यवतमाळ सोडून तो आमच्याकडे आला होता. अर्ध्या तासात मंडळाचे सचिव इंद्रजित हजर झाले, आणि अध्यक्ष उत्तमसिंगजींना फोन करून बोलावलं. इंद्रजितचं म्हणणं सरळ होतं. बाईनं ऑइल न पाहता मशीन हाणली, इंजिन जाम केलं. आणि जे उरलं ते गुरुवारी टॅपेट लावणाऱ्या अब्रार मिस्त्रीनं बिघडवलं. बाईला कमी करावं, जागा त्यांच्या पुतण्याला, विक्कीला द्यावी. तो ट्रॅक्टर चालवतो, त्याला यंत्राची समज आहे. संध्याकाळी बैठक घेऊन ठराव करून टाकू.

पंचफुलाबाई घोडीच्या सीटवर हात ठेवून उभी राहिली.

मी म्हणालो, बैठक संध्याकाळी आहे ना, मग तोवर नलूला पाहू द्या. नलू यवतमाळच्या आयटीआयत इंजिनं शिकवून निवृत्त झालेली. तिनं आल्याबरोबर चहाही न घेता ऑइलची काडी ओढली, फडक्यावर पुसली, पुन्हा घालून काढली. ऑइल खुणेपर्यंत होतं, मधासारखं स्वच्छ. मग तिनं पंचफुलाबाईला एकदा चावी फिरवायला सांगितली आणि डोळे मिटून ऐकलं. स्टार्टर अडखळला. फट्‌.

नलूनं डोळे उघडले.

"भाऊ, हे मेली नाई. हिले कोणीतरी मारून राह्यलं होतं, आन मंग झाकून ठेवलं."

२

दुसरा कुणी असता तर लगेच पाना हातात घेतला असता. नलूनं आधी माणसं उघडली. शेडसमोर खुर्ची टाकून बसली आणि एकेकाला बोलावलं. प्रश्न सगळ्यांना एकच: बिघडली तेव्हा आवाज कसा होता?

मला हसू आलं. खून झाला असता तर हिनं मढ्याला विचारलं असतं, ओरडलास कोणत्या सुरात.

पंचफुलाबाईनं जे ऐकलं तेच सांगितलं: स्टार्टर अडतो, एक बाजू चालते, वरून फट्‌ होते. टकटक, खडखड? नाई जी, काहीच नाही. शुक्रवारी? शुक्रवारी तर गाणं म्हणत होती. याला साक्षीदार मी स्वतः. शुक्रवारी दुपारी मी, मंडळाचा स्कोअरर, माझ्या खुर्चीवर झोपलो होतो आणि घोडी माझ्या पायाशी वळत होती. माझी झोप अशी, की चमचा बशीला लागला तरी मोडते. त्या दिवशी मोडली नाही.

अब्रार आला तो तणतणतच. तो नलूचाच विद्यार्थी, बसस्टँडमागे त्याचं गॅरेज. गावभर त्याच्या नावानं बोंब झाली होती, आणि सकाळपासून दोन गिऱ्हाइकं मोटारसायकली परत घेऊन गेली होती. त्यानं गुरुवारी चारही टॅपेट फिलर गेज लावून बसवले होते, शपथ घ्यायला तयार होता. आवाजाचं विचारताच तो म्हणाला, मी सोडली तेव्हा आवाज नव्हता मॅडम, आवाज राहिला असता तर मी सोडली नसती.

विक्की आला. सहा फुटी पोरगा, पण नलूसमोर चार फुटांचा झाला. तोही तिच्या हाताखालून गेलेला, पण अर्ध्यातूनच पळालेला. त्यानं सांगितलं की तो दोन दिवस घोडीच्या जवळपासही गेला नाही, आवाज कसा असणार त्याला ठाऊक नाही. नलूनं त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं. नख काळं पडलं होतं. काय लागलं रे, असं तिनं विचारलं. तो म्हणाला हातोडी, म्हणजे दार, म्हणजे खिडकीचं दार.

शेवटी इंद्रजित. पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि मी वेळ काढून आलो आहे असा चेहरा. शेडच्या दोन चाव्या, एक बाईकडे, एक त्यांच्या घरी खुंटीवर. शनिवारी-रविवारी खुंटीवरून चावी हललीच नाही, शेड बंद होती, हे त्यांनी न विचारताच सांगितलं. मग आवाजाचा प्रश्न आला. इंद्रजितनं अब्रारकडे बोट केलं.

"कसा म्हणजे? शिलाई मशीनवानी टिकटिक-टिकटिक करत होती. याच्या टॅपेटचाच आवाज थो. लूज सोडले यानं."

अब्रार उसळून उठला. नलूनं त्याचा हात धरून खाली बसवलं आणि इंद्रजितचे आभार मानले. एवढे गोड आभार तिनं माझे आयुष्यात मानले नाहीत. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

"अब्रार," ती म्हणाली, "पाना आन. आता घोडीले विचारू."

३

ज्यांना इंजिनाचं पोट माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. सिलिंडरच्या डोक्यात दोन झडपा असतात. एक पेट्रोलची हवा आत घेते, दुसरी जळका धूर बाहेर सोडते. खालून पेन्सिलीएवढी सळई वर ढकलते, सळई रॉकर नावाच्या ढेकुळीचं, म्हणजे छोट्या तरफेचं, एक टोक उचलते, आणि ढेकुळी झडप दाबून उघडते. झडप सरळ चालावी म्हणून तिच्याभोवती एक नळी ठोकलेली असते, तिला गाइड म्हणतात. ढेकुळी आणि झडप यांच्यात केसभर फट ठेवायची, तेच टॅपेट लावणं. फट वाढली की टिकटिक होते.

आधी उजव्या सिलिंडरचं झाकण उघडलं. आतला भाग ऑइलनं भिजलेला, चकचकीत. ऑइल संपवल्याचा आरोप तिथेच पडला. नटांवर लाल ठिपके होते, नट आणि बोल्ट दोन्हींवर अर्धे-अर्धे.

नलूनं भुवई वर केली. अब्रार लाजला. शबानाची नेलपॉलिश, तो म्हणाला. काम झालं की मी नटावर ठिपका देतो. कुणी नंतर पाना लावला की ठिपका मोडतो, मग भांडायला बरं. बायकोची बाटली महिन्याला एक संपते, म्हणून ती त्याच्याशी भांडते, ते वेगळं.

नलूनं फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, आत घातली. फट बरोबर, केसाला केस.

मग डावं झाकण काढलं. दोन नटांपैकी एकाचा ठिपका मोडलेला होता. नटावरचा अर्धा पूर्वेला आणि बोल्टावरचा अर्धा पश्चिमेला. अब्रारचं तोंड उतरलं आणि लगेच चढलं, कारण त्याला कळलं की त्याच्यानंतर इथे दुसऱ्याचा हात गेला आहे.

धूर सोडणाऱ्या झडपेची सळई ढेकुळीखालून निसटून आडवी पडली होती. अब्रारनं ती काढून सरळ आहे का पाहायला काचेवर लोळवली. ती केळ्यासारखी वाकलेली, आणि तिच्या अंगावर हातोडीचे घाव. कुणीतरी वाकलेली सळई ठोकून सरळ केली होती, बसवली होती, आणि ती पहिल्याच फेऱ्यात पुन्हा वाकून निसटली होती. धूर सोडणारी झडप उघडतच नव्हती. कोंडलेला धूर हवेच्या वाटेनं उलटा वर यायचा, तेच ते फट्‌.

"पण मॅडम, सळई वाकली कशानं?" अब्रार वाकून पाहायला लागला. झडपेभोवतीची गाइड आपल्या जागेवर नव्हती. चांगली करंगळीच्या पेराएवढी वर चढून आली होती. झडप खाली जायला निघाली की तिची वरची टोपी गाइडवर आपटायची, आणि खालून ढकलणारी सळई मधल्यामधे चेंगरायची.

गाइड हातानं चढत नाही, पान्यानं चढत नाही. हेड भयंकर तापलं तरच ती ढिली होते. म्हणजे ऑइल असूनही डावं सिलिंडर भट्टीसारखं तापलं होतं. आणि हे इंजिन पाण्यानं नाही, वाऱ्यानं थंड होतं. वरचा पंखा वारा फेकतो, तो सिलिंडरच्या अंगावरच्या पातळ पात्यांमधून जातो.

नलूनं पंख्यावरचं कव्हर काढायला सांगितलं.

पंचफुलाबाई म्हणाली, "मी तं रोज झाडतो जी. गवताची काडी राहू देत नाई."

कव्हर निघालं. आत गवताची काडीही नव्हती. डाव्या बाजूच्या पात्यांमध्ये उशी भरावी तसं काहीतरी गच्च भरलं होतं, वरून पांढरं, आतून जळून तपकिरी. नलूनं त्यातला मूठभर गोळा काढला, रुमालात बांधला, आणि कुणाला एक अक्षर न सांगता पदराआड धरून घरी जेवायला गेली. मला तर म्हणाली, "भाऊ, तू बोलशील तं मी तुया वरणात मीठ टाकणार नाई."

मी बोललो नाही. महागावातली ती एक ऐतिहासिक दुपार होती.

४

बैठकीला अख्खं मंडळ लोटलं होतं. ठरावाचा कागद इंद्रजितच्या पेनाखाली तयार. पंचफुलाबाई दाराशी उभी होती, आत या म्हणून कुणी म्हटलं नव्हतं. नलूनं तिला हाताला धरून आणलं आणि आपल्या बाजूच्या खुर्चीवर बसवलं.

मग तिनं रुमाल सोडला आणि पांढऱ्या गोळ्याचा एक भाग टेबलावर ठेवला. हे घोडीच्या पोटात सापडलं, तिनं सांगितलं. वारा अडला, हेड तापलं, गाइड वर चढली, सळई वाकली. ज्यानं हे आत भरलं त्यानं घोडी मोडली.

खोलीत कुजबुज झाली. इंद्रजित मात्र हसले. त्यात काय मोठं शोधलं, ते म्हणाले. मैदानाच्या भिंतीला लागून जिनिंगचा कारखाना आहे. हंगामात रुई उडते, आमच्या जेवणाच्या डब्यात येते, तशी मशीनमध्ये गेली. बाईनं साफ ठेवली नाही, म्हणजे चूक पुन्हा बाईचीच. लोकांच्या माना हलायला लागल्या. खरंच, जिनिंगची रुई माझ्याही मिशीत अडकलेली असते.

नलू वाद घालत बसली नाही. तिनं तो गोळा उचलून अध्यक्षांच्या तळहातावर ठेवला.

"अध्यक्षसाहेब, तुमचा जन्म कापसाच्या खरेदीत गेला. माल कोणता हाय, थेवढं सांगा."

उत्तमसिंगजी तापट माणूस, पण हातात कापूस आला की साधू होतो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. गोळ्यातून चिमूट ओढली, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ताणला, तोडला. मग उरलेला गोळा हळूहळू चोळला. टेबलावर काही टपटपलं. काळपट दाणे. मग वाळलेल्या बोंडाचा एक टवका. मग आणखी एक दाणा, पोखरलेला, आणि त्यातून मेलेली, भाजलेली, एक बारीक गुलाबी अळी.

इथे प्रत्येकानं ते दाणे लहानपणापासून पाहिले होते.

"हे जिनिंगची रुई नाई," उत्तमसिंगजी म्हणाले. "जिनिंगमधून रुई निघते तवा सरकी मांगं राहते. याच्यात सरकी हाय, बोंडाचं टरफल हाय, अळी हाय. हे वावरातलं हाय. फरदडीची कवडी, झाडावरच सुटलेली."

शेवटचा वेचा झाल्यावर झाडाला जो हलका, डागी कापूस चिकटून राहतो, तो हा. म्हणजे घोडी वावरात गेली होती. आणि माघात वावरात उभं काय असतं? पऱ्हाटी, वाळलेली कपाशीची झाडं. ती उपटायला मजूर मिळत नाही, भाड्याचं कुट्टी यंत्र रांगेत उभं केल्याशिवाय येत नाही, आणि कृषी खात्याची जीप रोज भोंगा वाजवून जाते की अळी मारायची तर पऱ्हाटी बारीक करा. ज्याच्या शेडमध्ये गवत कापायची घोडी उभी आहे, त्याला काय सुचेल, हे महागावात कुणालाही सांगावं लागत नाही. खरं सांगू, दोघातिघांच्या चेहऱ्यावर मला आधी का नाही सुचलं, असंच दिसत होतं.

इंद्रजित उठले. वावर सगळ्यांचं आहे, ते म्हणाले, पऱ्हाटी सगळ्यांची उभी आहे. मिस्त्रीनंच नेली असेल मशीन, ट्रायलच्या नावाखाली. त्याचे टॅपेट आधीच वाजत होते.

"तेच इचारतो," नलू म्हणाली. "वाजत होते, हे तुमाले कसं माहीत?"

इंद्रजित म्हणाले, ऐकलं म्हणून.

"कवा?"

आणि मग नलूनं सावकाश, आयटीआयच्या वर्गात बोलायची तशी, सांगायला सुरुवात केली. शुक्रवारी टिकटिक नव्हती. बाई तिच्यावर बसली होती, आणि माझा भाऊ तिच्या चाकाशी घोरत होता. सोमवारी टिकटिक नव्हती. सळई निसटलेली होती, आणि जी सळई ढेकुळीला लागतच नाही ती वाजणार कशी? सोमवारी फक्त फट्‌ होतं, इथल्या सगळ्यांनी तेच ऐकलं. मग टिकटिक होती केव्हा? गाइड चढायला लागली, सळई वाकायला लागली, फट वाढायला लागली, पण सळई अजून निसटली नव्हती, तेवढाच वेळ. धडधाकट आणि लंगडी यांच्या मधला वेळ. तो आवाज त्या वेळी सीटवर जो बसला होता, त्यालाच ऐकू आला. आणि शनिवार-रविवार तर शेड बंद होती, चावी खुंटीवरून हलली नव्हती.

"मी चौघायले इचारलं, आवाज कसा होता. अब्रार म्हणे नव्हता, बाई म्हणे फट्‌, विक्की म्हणे माहीत नाई. शिलाई मशीन एकट्या तुमीच ऐकली, सचिवसाहेब."

इंद्रजितनं तोंड उघडलं. पण आवाज आला तो मागच्या बाकावरून. विक्की उभा होता, काळं नख दुसऱ्या हातानं झाकून.

"काका, मी मनलं होतं तुमाले, पऱ्हाटीत घोडी घालू नका. आता मायावर आणाल तं मी नाई झेलणार."

मग त्यानं सगळं ओकलं. शनिवारी काकांनी ट्रॉलीत घालून घोडी वावरात नेली. निम्मं वावर झालं तेव्हा टिकटिक सुरू झाली, पुतण्या बंद करा म्हणत राहिला, काका म्हणाले दोनच तास राहिले आहेत, चालू दे. रविवारी डावं झाकण उघडून सळई ठोकायला पुतण्यालाच बसवलं. बक्षीस म्हणून घोडीची जागा कबूल केली.

अब्रारनं मान वर करून छताकडे पाहिलं, आणि लांब श्वास सोडला. उत्तमसिंगजींनी ठरावाचा कागद इंद्रजितच्या पुढून ओढला, चार तुकडे केले, आणि सचिवपदाचा शिक्काही ओढून घेतला. घोडीची दुरुस्ती कुणाच्या खिशातून, हे विचारायची गरजच उरली नाही. मग ते पंचफुलाबाईकडे वळले आणि खाली पाहत म्हणाले की मंडळाचं चुकलं, बाईनं उद्यापासून कामावर यावं.

पंचफुलाबाई उठली. दिवसभरात ती पहिल्यांदा मोठ्यानं बोलली.

"येतो जी. पण चावी दोन नाई राहणार. एकच राहीन, आन थे माया कमरेले राहीन."

कुणीतरी टाळी वाजवली. मीच होतो तो, पण मागाहून सगळ्यांनी वाजवली, त्यातलं अर्धं वजा करायचं कारण नाही.

५

अब्रारनं हेड काढलं, तापवलं, गाइड ठोकून मूळ जागी बसवली, आणि पुन्हा चढू नये म्हणून कडेनं पंच ठोकून धातू दाबून टाकला. नवी सळई नागपूरहून एसटीच्या पार्सलनं आली. ती मी यवतमाळला जाऊन उतरवून घेतली. येताना बस बंद पडली, आणि ड्रायव्हर म्हणाला, बाबा, ती सळई द्या, आपली गाडी चालू होईल. मी दिली नाही. हे अर्धं वजा करा.

शनिवारी घोडी पहिल्या चावीला उठली. नलूनं डोळे मिटून ऐकलं, दोन्ही सिलिंडर, डावं आणि उजवं, एका सुरात. घरी गेल्यावर तिनं माझ्या वरणात तूप टाकलं.

रविवारी अंतिम सामना. मैदानाभोवती महागाव लोटलं, बोरी अरबचीही एक जीप भरून आली, पंचफुलाबाईची भाची नव्या नवऱ्यासह त्यात. इंद्रजित आले नाहीत. त्या दिवशी ते आणि विक्की वावरात राहिलेली पऱ्हाटी हातानं उपटत होते, असं ऐकलं, आणि मी ते अजिबात वजा करणार नाही.

घोडी मैदानात फिरत होती. एक पट्टा इकडून, एक तिकडून, एक फिकट हिरवा, एक गर्द. दोन्ही संघांच्या कर्णधार मुली नाणं उडवायला निघाल्या, पंचांनी टोपी सारखी केली. एक पट्टा अजून बाकी होता. जिल्ह्याहून आलेले साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, वेळ झाली, तिला थांबवा, एवढं गवत राहिलं तर काय बिघडतं.

उत्तमसिंगजींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. थांबा, ते म्हणाले.

मग सगळे थांबले. दोन कर्णधार, दोन पंच, जिल्ह्याचे साहेब, आणि हजारभर माणसं उन्हात उभी राहिली. पंचफुलाबाईनं घाई केली नाही. घोडी कोपऱ्यावर वळवली, शेवटचा पट्टा सरळ कापत आली, खेळपट्टीच्या बाजूनं गेली, सीमारेषेबाहेर गेली, चावी बंद केली आणि कमरेला खोवली. मग मैदानाकडे एकदा नजर फिरवली.

पंचांनी मला विचारलं, करायची सुरुवात? मी म्हणालो, मला काय विचारता, तिला विचारा. त्यांनी खरंच तिकडे पाहिलं.

पंचफुलाबाईनं हनुवटी हलवली.

"खेळा आता."